प्रसारण, परवाना आणि मालकाची संमती : ‘टिप्स विरुद्ध विंक म्युझिक’ निर्णयाचा अन्वयार्थ

सारांश

मुंबई उच्च न्यायालयाने २३ एप्रिल २०१९ रोजी ‘टिप्स इंडस्ट्रीज लिमिटेड विरुद्ध विंक म्युझिक लिमिटेड’ या प्रकरणात दिलेला आदेश हा भारतीय प्रताधिकार कायद्याच्या वाटचालीतील एक महत्त्वाचा टप्पा मानला जातो. प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये २०१२ साली समाविष्ट झालेल्या कलम ३१-डी नुसार प्रसारण संस्थांना मिळणारा वैधानिक परवाना इंटरनेटवरून गाणी ऐकविणाऱ्या सेवांना मिळू शकतो काय, हा या वादातील कळीचा प्रश्न होता. एकसदस्यीय पीठाने त्याचे उत्तर नकारार्थी दिले आणि २० ऑक्टोबर २०२२ रोजी खंडपीठाने ते कायम केले. प्रस्तुत लेखात या वादाची पार्श्वभूमी, न्यायालयाची कारणमीमांसा, तिची बलस्थाने व मर्यादा आणि शिक्षणसंस्थांच्या दृष्टीने तिचे महत्त्व यांचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : प्रताधिकार, वैधानिक परवाना, ध्वनिमुद्रण, प्रसारण, स्वामित्वधन, अर्थान्वयन

१. प्रस्तावना

एखादे गीत लोकांच्या ओठी रुळले की ते सर्वांचे झाले, असे आपण सहज म्हणून जातो. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्याच गीताला एकाहून अधिक मालक असू शकतात. शब्दांवर गीतकाराचा, चालीवर संगीतकाराचा आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणावर ते तयार करविणाऱ्या निर्मात्याचा किंवा त्याच्याकडून हक्क घेणाऱ्या कंपनीचा अधिकार असतो. या अधिकारांना आपण प्रताधिकार अर्थात कॉपीराइट म्हणतो. मालकाच्या संमतीवाचून इतरांनी त्या कृतीचा विशिष्ट प्रकारे उपयोग करू नये, हे या अधिकाराचे सार होय.

तथापि, प्रताधिकार हा निरंकुश हक्क नाही. अधिनियमाच्या कलम १६ नुसार त्या अधिनियमाच्या तरतुदींबाहेर कोणताही प्रताधिकार अस्तित्वात नसतो. जो हक्क कायद्याने दिला, त्याला मर्यादा घालण्याचा अधिकारही कायदेमंडळाला आहे. प्रश्न निर्माण होतो तो या मर्यादेची रेषा नेमकी कोठे आहे हे ठरविताना, आणि विशेषतः कायदा करताना रूढ असलेले तंत्रज्ञान मागे पडून नवे तंत्रज्ञान पुढे येते तेव्हा. टिप्स आणि विंक यांच्यातील वाद वरवर पाहता दोन कंपन्यांमधील पैशाचा वाद होता. गाण्याची किंमत मालकाने ठरवावयाची की कायद्याने नेमलेल्या यंत्रणेने, हा त्यातील खरा प्रश्न होता आणि तो मूलगामी स्वरूपाचा आहे.

२. कलम ३१-डी ची पार्श्वभूमी

मालकाखेरीज अन्य व्यक्तीला कृतीचा उपयोग करण्याची मुभा मिळण्याचे तीन प्रमुख मार्ग आपल्या अधिनियमात आढळतात. पहिला मार्ग स्वेच्छेने दिलेल्या परवान्याचा. कलम ३० नुसार मालक आपल्या अटींवर परवाना देतो. दुसरा मार्ग सक्तीच्या परवान्याचा. मालकाने कृती जनतेपासून रोखून धरली किंवा अवाजवी अटी घातल्या, तर कलम ३१ नुसार सक्षम यंत्रणा दोन्ही बाजू ऐकून त्या विशिष्ट अर्जदाराला परवाना देवविते. तिसरा मार्ग वैधानिक परवान्याचा. यात मालकाची संमती मागावी लागत नाही आणि त्याने नकार दिल्याचे सिद्धही करावे लागत नाही. पूर्वसूचना देऊन ठरलेल्या दराने स्वामित्वधन भरले की परवाना कायद्यानेच प्राप्त होतो.

हा तिसरा मार्ग प्रसारणासाठी खुला होण्यामागे खासगी एफएम नभोवाणीचा इतिहास आहे. खासगी वाहिन्या सुरू झाल्यानंतर गाण्यांच्या स्वामित्वधनावरून त्यांचे व संगीत कंपन्यांचे दीर्घकाळ खटके उडत राहिले. ‘एंटरटेनमेंट नेटवर्क विरुद्ध सुपर कॅसेट’ या प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या परवान्याच्या तरतुदीचा सविस्तर ऊहापोह केला. त्यानंतर ऑगस्ट २०१० मध्ये प्रताधिकार मंडळाने नभोवाणी वाहिन्यांनी आपल्या निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के रक्कम स्वामित्वधन म्हणून द्यावी, असा आदेश दिला. प्रत्येक वाहिनीने प्रत्येक वेळी मंडळाचे दार ठोठावण्याऐवजी एक सर्वसाधारण व्यवस्था असावी, या विचारातून २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३१-डी अधिनियमात आले. ही दुरुस्ती २१ जून २०१२ पासून अमलात आली.

या कलमाची रचना लक्षात घेणे आवश्यक आहे. पोटकलम (१) नुसार कोणतीही प्रसारण संस्था आधी प्रसिद्ध झालेली वाङ्मयीन किंवा सांगीतिक कृती व ध्वनिमुद्रण प्रसारणाद्वारे जनतेपर्यंत पोहोचवू शकते. पोटकलम (२) मध्ये पूर्वसूचनेची व निश्चित दराने स्वामित्वधन भरण्याची अट आहे. पोटकलम (३) असे सांगते की नभोवाणी प्रसारणाचे दर दूरचित्रवाणी प्रसारणाहून भिन्न असतील आणि दोहोंसाठी स्वतंत्र दर ठरविले जातील. इंटरनेटचा उल्लेख या कलमात कोठेही नाही. हे मौन पुढील साऱ्या वादाचे मूळ ठरले.

३. वादाची वस्तुस्थिती

टिप्स ही मुंबईस्थित कंपनी हिंदी चित्रपटसंगीताच्या मोठ्या संग्रहाची हक्कदार आहे. विंक म्युझिक ही भारती एअरटेल समूहाची सेवा २०१४ साली सुरू झाली. टिप्सच्या मालकीची गाणी काही काळ परवान्यानुसार विंकवर उपलब्ध होती. पुढील परवान्याच्या मोबदल्याविषयी मात्र उभयतांमध्ये एकमत झाले नाही. वाटाघाटी फिसकटल्यानंतर टिप्सने २०१७ च्या अखेरीस आपली गाणी काढून टाकण्याची नोटीस दिली. त्यावर आपण प्रसारण संस्था असून कलम ३१-डी अन्वये वैधानिक परवान्यास पात्र आहोत, अशी भूमिका विंकने घेतली. साहजिकच २०१८ मध्ये टिप्सने मुंबई उच्च न्यायालयात दावे दाखल करून अंतरिम मनाई हुकमाची मागणी केली.

विंकच्या सेवेचे तीन प्रकार होते. ग्राहकाला हवे ते गाणे इंटरनेटवरून त्या क्षणी ऐकता येई. वर्गणी भरणाऱ्याला गाणे डाऊनलोड करून इंटरनेटविनाही ऐकता येई, परंतु ही सोय वर्गणी चालू असेपर्यंतच मिळे. याखेरीज स्वतंत्र मोबदला देऊन एखादे गाणे कायमचे विकत घेता येई. प्रथमदर्शनी हे तीनही प्रकार एकाच सेवेची अंगे वाटतात. न्यायालयाने मात्र प्रत्येक प्रकार कायद्याच्या कसोटीवर स्वतंत्रपणे तपासला, आणि या निर्णयाची पहिली शिकवण हीच आहे.

४. न्यायालयाची कारणमीमांसा

न्या. एस. जे. काथावाला यांच्या एकसदस्यीय पीठाने दिलेल्या आदेशातील प्रमुख मुद्दे पुढीलप्रमाणे मांडता येतील.

(अ) ऐकविणे, भाड्याने देणे आणि विकणे

अधिनियमाच्या कलम १४ मधील खंड (ई) ध्वनिमुद्रणाच्या मालकाला तीन वेगवेगळे हक्क देतो. ध्वनिमुद्रणाचा अंतर्भाव असलेले अन्य ध्वनिमुद्रण करणे, ज्यात कोणत्याही माध्यमात साठवणूक करणेही येते, हा पहिला. ध्वनिमुद्रणाची प्रत विकणे किंवा व्यावसायिक तत्त्वावर भाड्याने देणे हा दुसरा. ते जनतेपर्यंत पोहोचविणे हा तिसरा. कायमचे गाणे विकत देणे ही विक्री आणि वर्गणीच्या मुदतीपुरते डाऊनलोड करू देणे हे व्यावसायिक भाडे, असे न्यायालयाने प्रथमदर्शनी मानले. कलम ३१-डी हे केवळ जनतेपर्यंत पोहोचविण्याच्या, म्हणजे तिसऱ्या हक्काला लागू होते. सबब विक्री व भाडे या दोन प्रकारांना वैधानिक परवान्याचा आधार मिळूच शकत नाही.

(आ) खासगी वापराचा बचाव

गाणे साठविणारा ग्राहक ते स्वतःच्या ऐकण्यासाठी साठवितो. खासगी किंवा व्यक्तिगत वापरासाठीचा रास्त व्यवहार कलम ५२ नुसार प्रताधिकाराचा भंग ठरत नाही. म्हणून डाऊनलोडची सोय देण्यात गैर काही नाही, असा एक युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही. ग्राहकाचा वापर खासगी असेल, परंतु ती सोय पैसे घेऊन पुरविणाऱ्या कंपनीचा व्यवहार खासगी नसतो. ग्राहकाची ढाल व्यापाऱ्याला वापरता येणार नाही, असा या विवेचनाचा आशय आहे. इलेक्ट्रॉनिक पारेषणाच्या तांत्रिक प्रक्रियेत होणारी क्षणिक वा आनुषंगिक साठवणूक कायद्याने क्षम्य मानली आहे, तिचाही आधार येथे लागू पडला नाही. वर्गणी चालू असेपर्यंत टिकणारी साठवणूक क्षणिक म्हणता येत नाही.

(इ) प्रसारण म्हणजे कोणते प्रसारण?

सर्वांत कळीचा प्रश्न प्रत्यक्ष ऐकविण्याच्या, म्हणजे स्ट्रीमिंगच्या सेवेविषयी होता. इंटरनेटवरून गाणे ऐकविणे हे जनतेपर्यंत पोहोचविणे होय, याबद्दल फारसा वाद नव्हता. ते कलम ३१-डी मधील प्रसारण होते काय, हे ठरवावयाचे होते. न्यायालयाने पोटकलम (३) वर भर दिला. दर ठरविण्याची व्यवस्था ज्याअर्थी केवळ नभोवाणी व दूरचित्रवाणी या दोन प्रकारांसाठी आहे, त्याअर्थी परवानाही त्या दोन प्रकारांपुरताच आहे. प्रताधिकार नियम, २०१३ मधील संबंधित तरतुदीही याच दोन प्रकारांना धरून असल्याचे न्यायालयाने दाखविले. २०१२ ची दुरुस्ती होताना इंटरनेट अज्ञात नव्हते. २०१० मध्ये संसदीय स्थायी समितीपुढे विधेयकाची छाननी झाली तेव्हा इंटरनेटद्वारे होणारा संगीताचा प्रसार ठाऊक होता. असे असूनही कायदेमंडळाने त्याचा समावेश केला नाही, तेव्हा न्यायालयाने तो अर्थान्वयनाच्या मार्गाने करणे उचित नव्हे, असे प्रतिपादन करण्यात आले.

यामागे अर्थान्वयनाचे एक सर्वमान्य तत्त्व आहे. वैधानिक परवाना हा मालकाच्या हक्काला छेद देणारा अपवाद आहे. मालकाची संमती न घेता त्याच्या मालमत्तेचा उपयोग करू देणाऱ्या तरतुदीचा अर्थ काटेकोरपणे लावावयाचा असतो.

(ई) दर आधी, परवाना नंतर

वादाच्या काळात इंटरनेट सेवांसाठी कोणताही दर निश्चित झालेला नव्हता. दर पुढे ठरेल तेव्हा रक्कम भरू, असे म्हणून वैधानिक परवाना वापरता येईल काय? न्यायालयाने नकार दिला. दरनिश्चिती ही परवाना वापरण्याची पूर्वअट होय. प्रताधिकार मंडळाचे अधिकार २०१७ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे सोपविण्यात आले होते. हे काम त्या मंडळाचे असून मनाई अर्जाच्या सुनावणीत ते उरकता येणार नाही, हे ओघाने आलेच.

(उ) शासकीय ज्ञापनाचे मोल

केंद्र शासनाच्या औद्योगिक धोरण व प्रोत्साहन विभागाने ५ सप्टेंबर २०१६ रोजी एक कार्यालयीन ज्ञापन काढले होते. कलम ३१-डी मध्ये इंटरनेट प्रसारणाचाही समावेश होतो, असा त्याचा आशय होता. विंकची बरीच भिस्त या ज्ञापनावर होती. अशा ज्ञापनाला कायद्याचे बळ नाही, ते फार तर मार्गदर्शनपर ठरेल आणि अधिनियमाच्या शब्दांशी विसंगत असल्यास ते बाजूला ठेवावे लागेल, असे न्यायालयाने स्पष्ट केले. शासनाच्या एखाद्या विभागाला कायदा कसा समजला, ही कायद्याच्या अर्थाची अंतिम कसोटी असू शकत नाही. परिपत्रके व ज्ञापनांच्या आधारेच ज्यांचा दैनंदिन कारभार चालतो, अशा आपल्या महाविद्यालयीन विश्वानेही हा भाग आवर्जून लक्षात ठेवण्याजोगा आहे.

या सर्व कारणांस्तव न्यायालयाने टिप्सच्या बाजूने अंतरिम मनाई हुकूम दिला.

५. खंडपीठाचा निर्णय

विंकने या आदेशाविरुद्ध केलेले अपील न्या. गौतम पटेल व न्या. गौरी गोडसे यांच्या खंडपीठाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी फेटाळले. वैधानिक परवाना नभोवाणी व दूरचित्रवाणीपुरता मर्यादित असून इंटरनेटवरील सेवांना तो उपलब्ध नाही, हा एकसदस्यीय पीठाचा निष्कर्ष कायम राहिला. येथे एक बाब नमूद करणे आवश्यक आहे. दोन्ही आदेश अंतरिम टप्प्यावरचे आहेत. साक्षीपुरावे होऊन संपूर्ण दाव्याचा निकाल लागल्यानंतरचा हा निर्णय नव्हे. परंतु कलमाचा अर्थ हा मूलतः विधिविषयक प्रश्न असल्याने या विवेचनाचे वजन अंतरिम आदेशाच्या मानाने बरेच अधिक आहे.

६. निर्णयाची चिकित्सा

कलमाचे शब्द आणि त्याचा इतिहास पाहता न्यायालयाचा निष्कर्ष सुसंगत वाटतो. तरीही विरुद्ध बाजूचे म्हणणे तितकेच गांभीर्याने समजून घेतले पाहिजे. अधिनियमाच्या कलम २ मधील प्रसारणाची व्याख्या व्यापक आहे. बिनतारी मार्गाने किंवा तारेने जनतेपर्यंत पोहोचविणे असे तिचे स्वरूप आहे. जनतेपर्यंत पोहोचविणे या संज्ञेची व्याख्या तर २०१२ मध्येच अशी विस्तारण्यात आली की श्रोत्याने स्वतः निवडलेल्या स्थळी व वेळी कृती उपलब्ध होणेही तीत समाविष्ट झाले. या दोन व्याख्या एकत्र वाचल्या, तर मागणीनुसार गाणे ऐकविणारी सेवा प्रसारण ठरू शकते. पोटकलम (१) मध्येही ‘कोणतीही प्रसारण संस्था’ असेच शब्द आहेत. पोटकलम (३) हे केवळ दरांविषयी आहे, त्यावरून मूळ परवान्याची व्याप्ती आकुंचित करणे योग्य नव्हे, असा आक्षेप घेता येतो.

हा आक्षेप निव्वळ शब्दांच्या पातळीवर निकालात काढणे कठीण आहे. त्यासाठी कलमाच्या हेतूकडे वळावे लागते. नभोवाणीवर श्रोता गाणे निवडत नाही. जे लागेल ते ऐकतो. एखादे गाणे आवडले तर पूर्वी तो त्याची कॅसेट विकत घेत असे. म्हणजे नभोवाणी एका अर्थी विक्रीची जाहिरात करीत होती. मागणीनुसार गाणे ऐकविणाऱ्या ॲपवर ही स्थिती उलट होते. हवे ते गाणे, हवे तेव्हा, हवे तितक्या वेळा ऐकता येऊ लागले की ते विकत घेण्याचे कारणच उरत नाही. अशी सेवा विक्रीला पूरक न राहता विक्रीची जागा घेते. पहिल्या प्रकारात संमतीविना परवाना दिल्याने मालकाचा एक दुय्यम उत्पन्नस्रोत नियंत्रित होतो. दुसऱ्या प्रकारात त्याच्या संपूर्ण व्यवसायाची किंमतच अन्य यंत्रणेच्या हाती जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते न्यायालयाच्या निष्कर्षाचे सर्वांत भक्कम समर्थन येथे आहे.

परंतु याच कसोटीने एक उणीवही दिसून येते. इंटरनेटवरील प्रत्येक सेवा मागणीनुसार चालत नाही. ठरलेल्या क्रमाने गाणी लावणारे, श्रोत्याला निवडीची मुभा न देणारे इंटरनेट नभोवाणी केंद्र स्वरूपतः जुन्या नभोवाणीसारखेच असते. कार्यक्रम तोच आणि श्रोताही तोच असला, तरी लहरींऐवजी इंटरनेट वापरले की वैधानिक परवाना नाकारला जातो. माध्यमावर आधारलेली रेषा स्पष्ट असते, पण ती नेहमीच न्याय्य असते असे नाही. श्रोत्याला निवड करता येते की नाही, यावर आधारलेली रेषा अधिक तर्कशुद्ध झाली असती. अशी रेषा आखणे हे मात्र कायदेमंडळाचेच काम आहे.

दुसरा मुद्दा दरनिश्चितीचा. ज्या प्रकारासाठी दर नाही त्यासाठी परवाना नाही, आणि ज्या प्रकाराला परवाना नाही त्याचा दर ठरविण्याचे कारण नाही, असे एक वर्तुळ तयार होते. नियामक यंत्रणा सुस्त असली की कायद्याने दिलेली सवलत कागदावरच राहते. नभोवाणीच्या बाबतीतही नव्या व्यवस्थेखालील दर ३१ डिसेंबर २०२० रोजी, म्हणजे दुरुस्तीनंतर तब्बल आठ वर्षांनी, निश्चित झाले आणि एप्रिल २०२१ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळच बरखास्त होऊन त्याची कामे न्यायालयांकडे गेली.

तिसरा मुद्दा न्यायालयात उपस्थित नसलेल्यांचा. वाद दोन कंपन्यांचा असला, तरी त्याचे परिणाम गीतकार, संगीतकार आणि श्रोते यांच्यावर होतात. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधनातील समान वाट्याचा हक्क दिला आणि तो सहजासहजी सोडून देता येणार नाही, अशी तजवीज केली. २८ एप्रिल २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेच नभोवाणी वाहिन्यांनी ध्वनिमुद्रण वाजविताना मूळ शब्द व संगीताच्या कर्त्यांनाही स्वामित्वधन द्यावे लागेल, असे प्रथमदर्शनी मानले. याचा अर्थ असा की ध्वनिमुद्रणाच्या मालकाला वाटाघाटीचे बळ मिळाले तरी ते कर्त्यांपर्यंत आपोआप पोहोचत नाही. त्यासाठी कायद्यातील अन्य तरतुदींची अंमलबजावणी तितकीच काटेकोर असावी लागते. श्रोत्याच्या बाजूने पाहता मालकाची संमती अनिवार्य ठरल्यावर करार संपला की गाणे ॲपवरून नाहीसे होऊ शकते. जुन्या गीतांचा अभ्यास करणाऱ्याने अशा सेवांना संग्रहालय समजू नये, हा त्यातील व्यावहारिक बोध होय.

७. निर्णयानंतरच्या घडामोडी

हाच प्रश्न फेब्रुवारी २०१९ मध्ये अन्य एका प्रकरणातही मुंबई उच्च न्यायालयापुढे आला होता. स्पॉटिफाय या सेवेने भारतात पदार्पण करताना वॉर्नर समूहाच्या संगीतप्रकाशन कंपनीच्या कृतींसाठी कलम ३१-डी चा आधार घेतला होता. तो वाद पुढे तडजोडीने मिटला. मे २०१९ मध्ये केंद्र शासनाने नियमदुरुस्तीचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात नभोवाणी व दूरचित्रवाणी या शब्दांच्या जागी प्रसारणाचा प्रत्येक प्रकार असे शब्द घालण्याचा प्रस्ताव होता. २०२१ मध्ये अंतिम नियम आले तेव्हा हा बदल त्यात नव्हता. मूळ अधिनियमाचा अर्थ नियमांद्वारे बदलता येतो काय, हा प्रश्न त्यामुळे टळला. त्याच वर्षी वाणिज्यविषयक संसदीय स्थायी समितीने आपल्या १६१ व्या अहवालात कलम ३१-डी मध्ये दुरुस्ती करून इंटरनेट प्रसारणाचा समावेश करण्याची शिफारस केली. कलम मुळातच इंटरनेटला लागू आहे असे मानता आले असते, तर दुरुस्तीच्या शिफारशीची गरज पडली नसती. या अर्थाने ही शिफारस न्यायालयाने लावलेल्या अर्थाला अप्रत्यक्ष पुष्टीच देते.

ऑगस्ट २०२४ मध्ये एअरटेलने विंक म्युझिक ही सेवा बंद करीत असल्याचे जाहीर केले. ज्या ॲपमुळे वाद उद्भवला ते इतिहासजमा झाले, त्या वादातून सिद्ध झालेला अर्थ मात्र इतर सर्व सेवांपुढे उभा आहे.

८. शिक्षणसंस्थांच्या दृष्टीने

या निर्णयाचा महाविद्यालयांशी काय संबंध, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. प्रताधिकारातील अपवादांचा अर्थ नेहमीच संकुचित लावला जातो, असे या निर्णयावरून समजणे चुकीचे होईल. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स दुकानाविरुद्ध नामांकित प्रकाशन संस्थांनी केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ९ डिसेंबर २०१६ रोजी अध्यापनासाठीच्या अपवादाचा अर्थ उदारपणे लावला. अध्यापनाच्या हेतूसाठी आवश्यक तितके उतारे छायाप्रत करून अभ्याससंच तयार करण्यास त्या अपवादाची मुभा आहे, असे तेथे मानले गेले. दोन निर्णयांत विसंगती नाही. एका अपवादाचा हेतू ज्ञानप्रसाराचा आणि त्याचे शब्द व्यापक होते. दुसरा अपवाद एका व्यावसायिकाला दुसऱ्याच्या मालमत्तेचा उपयोग करू देणारा आणि दोन माध्यमांना धरून बेतलेला होता. अपवादाचा अर्थ त्याच्या हेतूच्या प्रकाशात आणि त्याच्या शब्दांच्या चौकटीत लावावयाचा असतो, हे दोहोंतील समान सूत्र होय.

व्यवहारातील एक उदाहरण पाहू. स्नेहसंमेलनात विद्यार्थ्यांनी चित्रपटगीतावर नृत्य बसविले. संस्थेच्या उपक्रमांच्या ओघात होणाऱ्या अशा सादरीकरणाला कलम ५२ मध्ये संरक्षण आहे, परंतु ध्वनिमुद्रण वाजविताना श्रोतृवर्ग कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या उपक्रमांशी संबंधित व्यक्ती यांच्यापुरता मर्यादित असावा, अशी अट आहे. त्याच कार्यक्रमाचे चित्रण संस्थेने इंटरनेटवर सर्वांसाठी खुले केले की श्रोतृवर्गाची ही मर्यादा ओलांडली जाते. सभागृहात निर्दोष असलेली कृती इंटरनेटवर सदोष ठरू शकते. आम्ही केवळ प्रसारण केले, असे म्हणून कलम ३१-डी चा आसराही घेता येणार नाही, हे प्रस्तुत निर्णयावरून उघड आहे. ग्रंथालयांबाबत मात्र दिलासा आहे. नफ्याचा हेतू नसलेल्या ग्रंथालयाने किंवा शिक्षणसंस्थेने रीतसर मिळविलेली प्रत ना-नफा तत्त्वावर वापरावयास देणे हे २०१२ मध्ये आलेल्या व्याख्येनुसार व्यावसायिक भाडे ठरत नाही.

९. निष्कर्ष

टिप्स व विंक यांच्यातील निर्णयाचा गाभा एका वाक्यात सांगावयाचा तर असे म्हणता येईल की, मालकाच्या संमतीला पर्याय निर्माण करण्याचा अधिकार कायदेमंडळाचा आहे, तो पर्याय ताणून लांबविण्याचा अधिकार शासकीय ज्ञापनाला नाही, न्यायालयाला नाही आणि गरजू व्यापाऱ्याला तर नाहीच. ही भूमिका संस्थात्मक मर्यादांचे भान ठेवणारी असल्याने स्वागतार्ह आहे.

तथापि, न्यायालयाने मर्यादा पाळल्या म्हणून प्रश्न सुटला असे होत नाही, तो योग्य दारी पोहोचला इतकेच. इंटरनेटवरील संगीतसेवांसाठी वैधानिक परवाना असावा की नसावा, असल्यास मागणीनुसार चालणाऱ्या आणि ठरलेल्या क्रमाने चालणाऱ्या सेवांत भेद करावा काय, दर कोणी व किती मुदतीत ठरवावा आणि त्यातील कर्त्यांचा वाटा कसा पोहोचवावा, हे चार प्रश्न संसदेने स्पष्ट शब्दांत सोडविणे आवश्यक आहे. तोपर्यंत इंटरनेटवर गाणे ऐकवू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला, मग ती बलाढ्य कंपनी असो की एखादे महाविद्यालय, कायद्याने स्वतंत्र अपवाद दिलेला नसेल तेथे आधी मालकाची संमती घ्यावी लागेल.